कमी ऐकू येणारा माणूस आणि आपल्या हाय-फायची केबल: ऑलिव्हर हेविसाइडची गोष्ट

मागच्या दिवाळीत काकांनी त्यांचा जुना सीडी प्लेयर आणि ॲम्प्लिफायर आमच्या रत्नागिरीच्या घरी आणून दिला. सीडी प्लेयर माजघरातल्या शोकेसमध्ये बसला. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र पडवीत ठेवले, कारण आजोबांची आरामखुर्ची तिथे असते आणि नाट्यसंगीत ऐकायचं असतं त्यांना. दोन्हीच्या मधलं अंतर सहा मीटर. दोन्ही यंत्रांच्या मागे कोॲक्सियल डिजिटल असं लिहिलेलं एकेक गोल भोक होतं. मी बाजारातून एक लांब, बारीक ऑडिओ वायर आणली, तिची पिन दोन्हीकडे खुपसली आणि प्ले दाबलं.

गाणं सुरू झालं. पण दर थोड्या वेळाने टक्, टक् आणि मग क्षणभर शांतता. ऐन तानेच्या वेळी तर हमखास.

दुकानात विचारलं तर एक जाडजूड, सोनेरी पिनांची केबल समोर आली. किंमत माझ्या फोनच्या निम्मी! वर हेही सांगण्यात आलं की हिच्यामुळे आवाज जास्त गोड आणि भरदार येईल. मी जवळजवळ पैसे काढलेच होते.

आमचे आजोबा तार खात्यातून रिटायर झालेले. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते टक्-टक् त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. पण तक्रार ऐकून त्यांनी एवढंच सुचवलं की लाइनमध्ये बिघाड असला की आधी दोन्ही टोकं बघावीत. मी टॉर्च मारून यंत्रांच्या मागची बारीक अक्षरं वाचली. दोन्हीकडे ७५ ओहम लिहिलेलं. मग आठवलं, माळ्यावर डिश टीव्हीची उरलेली काळी वायर पडली आहे. तिच्या अंगावरही ७५ ओहमच छापलेलं! तिच्या दोन्ही टोकांना कनेक्टर लावले, ते आरसीए पिनमध्ये बदलणारे दोन छोटे ॲडॅप्टर आणले. खर्च सिनेमाच्या एका तिकिटापेक्षा कमी. टक्-टक् बंद झालं, ते आजपर्यंत.

हे ७५ ओहम म्हणजे नक्की काय, हे शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोचलो. आपण रोज त्याची कल्पना वापरतो, पण त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. गंमत म्हणजे त्यालाही कमी ऐकू यायचं.

लंडनच्या गल्लीतला मुलगा

ऑलिव्हर हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. आपल्या रत्नागिरीत लोकमान्य टिळक जन्मले १८५६ साली, तेव्हा हा सहा वर्षांचा होता. वडील लाकडावर कोरून छपाईची चित्रं बनवायचे. चार भावांत ऑलिव्हर धाकटा. घरात पैशांची कायम ओढाताण. लहानपणी त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्यात कान अधू झाले. इतर मुलं काय बोलतात ते नीट कळायचं नाही, त्यामुळे तो एकटा पडला, आणि ते एकटेपण त्याने पुढे जन्मभर सोडलं नाही.

अभ्यासात तो हुशार होता, पण सोळाव्या वर्षी शाळा सुटली. कॉलेजचं तोंडही त्याने पाहिलं नाही. मात्र त्याच्या मावशीचे यजमान होते चार्ल्स व्हीटस्टोन. हो, बारावीच्या फिजिक्समधल्या व्हीटस्टोन ब्रिजवाले! इंग्लंडमध्ये तारयंत्र सुरू करणाऱ्यांपैकी ते एक, आणि वाद्यं बनवणाऱ्या घराण्यातले. भाचे तारखात्याकडे वळले यात त्यांचा मोठा हात होता.

१८६८ साली ऑलिव्हर तार ऑपरेटर झाला. आधी डेन्मार्कमध्ये, मग इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये. या दोन देशांना जोडणारी केबल समुद्राखालून जात होती. तो काळच समुद्री केबलींचा. १८७० मध्ये आपली मुंबईसुद्धा एडन-सुएझमार्गे समुद्री तारेने इंग्लंडला जोडली गेली.

आता जरा विचार करा. तार म्हणजे काय? डॉट आणि डॅश. करंट आहे किंवा नाही. म्हणजे डिजिटल सिग्नलच की! सीडी प्लेयरमधून ॲम्प्लिफायरकडे जाणारा सिग्नलही तसाच: शून्य आणि एक. फरक फक्त वेगाचा. चांगला ऑपरेटर मिनिटाला काही डझन शब्द पाठवायचा. सीडीतून सेकंदाला १४,११,२०० बिट बाहेर पडतात. हिशोब सोपा आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावा-उजवा मिळून दोन चॅनल.

केबलची चूक नव्हती, टोकांची होती

त्या डेन्मार्कच्या केबलवर एक विचित्र प्रकार घडायचा. एका दिशेने संदेश भराभर जायचे, उलट दिशेने मात्र सावकाश पाठवावे लागायचे. केबल तीच, मग असं का? बाकीच्यांनी सवय म्हणून सोडून दिलं. ऑलिव्हरने गणित मांडलं आणि दाखवून दिलं की समुद्राखालच्या केबलच्या दोन्ही टोकांना जमिनीवरच्या ज्या तारा आणि उपकरणं जोडलेली असतात, ती सारखी नसली की असं होतं. आमच्या आजोबांनी जे सांगितलं ते हेच की!

१८७३ च्या सुमारास मॅक्सवेलचा विजेवरचा नवाकोरा ग्रंथ त्याच्या हाती पडला. त्यातलं गणित त्याला झेपत नव्हतं. मग त्याने काय करावं? १८७४ मध्ये चोविसाव्या वर्षी चांगली पगाराची नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी एका खोलीत तो ग्रंथ समजून घ्यायला बसला. त्यानंतर त्याने आयुष्यात पुन्हा कधीच नोकरी केली नाही. मॅक्सवेलच्या सिद्धांतात मुळात वीस समीकरणं होती. हेविसाइडने १८८० च्या दशकात ती चारवर आणली. आज इंजिनिअरिंगची मुलं मॅक्सवेलची समीकरणं म्हणून जी चार घोकतात, त्यांना हे रूप देणारा मुख्यतः हा शाळा सोडलेला ऑपरेटर.

१८८० मध्ये त्याने एक पेटंट घेतलं. तेव्हा शेजारून जाणाऱ्या तारांमधले संदेश एकमेकांत घुसायचे. त्यावर त्याचा उपाय होता, एक तार दुसऱ्या नळीसारख्या तारेच्या पोटात ठेवायची. बाहेरची नळी मग आतल्या तारेचं रक्षण करते. डिशची काळी वायर सोलून बघा: मधोमध एक तार, भोवती पांढरं इन्सुलेशन, त्यावर जाळी आणि फॉइल. हीच कोॲक्सियल केबल. दोघींचा अक्ष एकच, म्हणून ते नाव. पेटंट घेतलं खरं, पण त्याचा त्याला काही फायदा झाला नाही. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरांनी आजच्यासारखी कोॲक्सियल केबल विकसित केली ती १९२९ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी.

मांडवीची जेटी आणि भाट्याची वाळू

१८८६ मध्ये हेविसाइडने एक नवा शब्द वापरात आणला: इम्पिडन्स. ओहममध्ये मोजतात तो. आपल्या ७५ ओहमची गोष्ट इथेच आहे.

मांडवीच्या जेटीवर उभे राहून बघा. लाट दगडावर आपटते आणि उलटी फिरते. परतणारी लाट आणि नवी येणारी लाट एकमेकींत मिसळून पाणी नुसतं खदखदतं. आता तिथून भाट्याच्या किनाऱ्यावर जा. हळूहळू उतरती वाळू, त्यामुळे लाट वर चढते आणि जिरते, उलटून फार कमी येते.

केबलमधून जाणारा सिग्नल हीसुद्धा लाटच. केबलचा इम्पिडन्स ७५ ओहम आणि पुढच्या यंत्राचाही ७५ ओहम, तर लाट भाट्याच्या वाळूसारखी पुरती जिरते. आकडे जुळले नाहीत की तिचा काही भाग जेटीवर आपटल्यासारखा मागे येतो. प्लेयरपाशी पोचून तो पुन्हा पुढे फिरला की खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो.

माझ्या टक्-टक्चा हिशोब मी यावरूनच केला. केबलमध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, साधारण २० सेंटिमीटर जातो. सहा मीटर जाऊन सहा मीटर परत, म्हणजे ६० नॅनोसेकंद. आणि सीडीच्या डिजिटल सिग्नलमधला सगळ्यात छोटा ठोका असतो साधारण १७७ नॅनोसेकंदांचा. म्हणजे परतलेली लाट बरोबर ठोक्याच्या पोटात शिरते. त्यात वायर बारीक आणि आवरण विरळ, मग ॲम्प्लिफायरला शून्य की एक हे ओळखता येईना. जिथे ओळखता आलं नाही, तिथे टक्. हीच वायर एक मीटरची असती तर जाऊन-येऊन १० नॅनोसेकंदच लागले असते आणि बहुतेक वेळा काही बिघडलं नसतं.

साहेबांशी वैर

आता गोष्टीतला कडू भाग. १८८० च्या दशकात टेलिफोन पसरू लागला होता. लांबच्या लाइनवर बोलणं गढूळ ऐकू यायचं. आवाजात जाड-बारीक अनेक सूर असतात, ते तारेतून वेगवेगळ्या वेगाने जातात आणि वेगवेगळ्या प्रमाणात क्षीण होतात. शिमग्याच्या पालखीत ढोलवाले पुढे आणि ताशेवाले दोन वळणं मागे राहिले तर ठेका कसा कळणार? तसंच.

हेविसाइडने १८८७ मध्ये यावर उत्तर काढलं. तारेचे चार गुण असतात: रेझिस्टन्स, इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि इन्सुलेशनमधून होणारी गळती. या चौघांचं ठराविक प्रमाण जुळलं तर सगळे सूर एकाच वेगाने जातात आणि सारखेच क्षीण होतात. आवाज लहान होईल, पण त्याचा आकार बिघडणार नाही. त्यासाठी लाइनमध्ये मुद्दाम इंडक्टन्स वाढवावा, असं त्याचं म्हणणं.

ब्रिटिश पोस्ट ऑफिसचे बडे विद्युत अधिकारी विल्यम प्रीस यांचं मत नेमकं उलट होतं. त्यांच्या मते इंडक्टन्स हाच शत्रू. ऑलिव्हरचा भाऊ आर्थर पोस्ट खात्यात नोकरीला होता. दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधाला साहेबांची परवानगी लागणार होती, ती मिळाली नाही. निबंध अडला. त्याच सुमारास, ज्या साप्ताहिकात ऑलिव्हरची लेखमाला चालू होती त्याचे संपादक बदलले आणि लेखमालाही बंद पडली. त्याच्याकडे पदवी नाही, नोकरी नाही, ओळखीपाळखी नाहीत. समोर खुर्ची, पदव्या आणि सरकारी शिक्का. गणित मात्र याच्या बाजूला होतं.

१८८८ मध्ये जर्मनीत हर्ट्झने विद्युतचुंबकीय लाटा प्रयोगाने सिद्ध केल्या आणि वारं फिरलं. १८८९ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून हेविसाइडच्या कामाची जाहीर वाखाणणी केली. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

पैसा मात्र दुसरीकडे गेला. लाइनमध्ये ठराविक अंतरावर कॉइल बसवून इंडक्टन्स वाढवायची व्यवहार्य पद्धत १८९९ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि मायकेल प्युपिन यांनी काढली. पेटंट प्युपिनला मिळालं, ते टेलिफोन कंपनीने विकत घेतलं आणि प्युपिन श्रीमंत झाला. लांब पल्ल्याचे फोन खणखणीत झाले. हेविसाइडने आपल्या त्या कल्पनेचं पेटंट घेतलंच नव्हतं. त्याच्या हाती त्यातून काहीच आलं नाही.

वाद्यांच्या दुकानावरची खोली

१८८९ मध्ये तो आईवडिलांबरोबर समुद्रकाठच्या पेंटन गावी राहायला गेला. तिथे त्याच्या भावाचं, चार्ल्सचं, वाद्यांचं दुकान होतं आणि हे कुटुंब त्या दुकानाच्या वरच राहायचं. मला हा प्रसंग सारखा डोळ्यांसमोर येतो: खाली पियानो वाजून बघणारी गिऱ्हाईकं, आणि वर कान अधू झालेला माणूस आवाज तारेतून न बिघडता कसा जाईल याचं गणित करत बसलेला.

१८९६ मध्ये मित्रांच्या खटपटीने त्याला वर्षाला १२० पौंडांचं सरकारी पेन्शन मिळालं. त्यावर तो कसाबसा जगला. १९०२ मध्ये त्याने असंही सुचवलं की वातावरणात खूप उंचावर विजेचं वहन करणारा थर असावा आणि त्यामुळे रेडिओलहरी पृथ्वीच्या गोलाईवरून वळून दूर जात असाव्यात. आमचे आजोबा तरुणपणी रत्नागिरीत बसून शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकायचे, ते अशाच थरांच्या कृपेने. ॲपलटन यांनी या थराचा प्रयोगाने पुरावा मिळवला १९२४ च्या डिसेंबरमध्ये.

तोपर्यंत हेविसाइड टॉर्की गावात एका घरात एकटा, आजारी आणि शेजाऱ्यांना विक्षिप्त वाटणारा म्हातारा झाला होता. १९२२ मध्ये विद्युत अभियंत्यांनी पहिलंवहिलं फॅरडे पदक त्याला दिलं. १९२५ च्या सुरुवातीला तो शिडीवरून पडला आणि ३ फेब्रुवारीला गेला. पेंटनच्या दफनभूमीत आईवडिलांबरोबर त्याला पुरलं.

मग आपण घरी काय घ्यायचं?

हेविसाइडचा धडा माझ्यासाठी साधा आहे: केबल विकत घेताना किंमत आणि वर्णन बाजूला ठेवा, आकडा जुळतो का ते बघा. डिजिटल केबल बास वाढवत नाही की आवाज गोड करत नाही. बिट नीट पोचले तर स्वस्त आणि महाग केबलमधून तेच गाणं येतं. नाही पोचले तर टक्-टक् होतं, आवाज तुटतो किंवा बंद पडतो, आणि ते लगेच कळतं.

- कोॲक्सियल: ७५ ओहम लिहिलेली कोणतीही नीट बनवलेली केबल चालते. जुन्या डीव्हीडी प्लेयरबरोबर आलेली पिवळ्या पिनची व्हिडिओ केबलसुद्धा त्याच जातीची असते. आधी ती शोधा.
- ऑप्टिकल: १९८३ मध्ये तोशिबाने आणलेली पद्धत. यात करंटऐवजी लाल उजेड जातो, त्यामुळे एका यंत्रातून दुसऱ्यात घुसणारी अर्थिंगची गुणगुण थांबते. केबल पाच मीटरच्या आत ठेवा, काटकोनात वाकवू नका आणि टोकावरची प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका.
- एचडीएमआय एआरसी: टीव्ही आणि साउंडबारसाठी सगळ्यात सोयीचं. टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्यातच लावा. आवाज आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम करून बघा. ऑप्टिकलमधून न जाणारे मल्टिचॅनल लॉसलेस आवाज हवे असतील तर दोन्हीकडे ईएआरसी लागेल.
- यूएसबी: फोनमधून डॅकला गाणं द्यायला उत्तम. इथेही जोडीतारांचा इम्पिडन्स ठरलेला असतो, साधारण ९० ओहम. एचडीएमआयमध्ये १००. हेविसाइड इथेही आहेच!
- ब्लूटूथ: सोय झकास, पण नेहमीच्या कोडेकमध्ये आवाज दाबून पाठवला जातो. शांत बसून ऐकायचं असेल तर वायर बरी.

आपल्या कोकणासाठी दोन गोष्टी जास्तीच्या. खाऱ्या हवेने पिना काळ्या पडतात. वर्षातून दोनदा यंत्रं बंद करून त्या काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, केबल कोणतीही असो.

पडवीत आता रोज संध्याकाळी गाणं चालतं. आजोबा कानाच्या मशीनचा आवाज वाढवून बसतात. मी त्यांना हेविसाइडची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांना इम्पिडन्सपेक्षा एका गोष्टीचं जास्त कौतुक वाटलं: तो आपल्यासारखाच तार ऑपरेटर होता. त्या दिवसापासून माळ्यावरून काढलेल्या त्या काळ्या वायरीला ते हेविसाइडची तार म्हणतात.